बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेला मदत: पैसे, वस्तू की वेळ?

ओसरी

नमस्कार मंडळी.

आमच्या जुन्या ऑफिसातली एक मैत्रीण गेली. तिच्या नावाने काहीतरी करावं म्हणून सगळ्यांनी मिळून थोडी रक्कम जमवली आहे. ती बेघर माणसांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत अधूनमधून जायची, तेव्हा तिथेच द्यायचं, इथवर एकमत झालं. पुढे मात्र तीन तट पडले. पहिला म्हणतो ब्लँकेटं घेऊन वाटू या, निदान डोळ्यांना दिसतं तरी. दुसरा म्हणतो सरळ संस्थेच्या खात्यात पैसे भरा आणि मोकळे व्हा. तिसऱ्याचं म्हणणं, पैसे कोणीही देईल, आपण आळीपाळीने जाऊन काम करू.

मी तिन्ही तटांच्या मध्ये उभी आहे. देण्याचे मार्ग काय काय असतात आणि संस्थेच्या बाजूने पाहिलं तर कोणता सोयीचा, हे जाणकारांनी सांगावं. ग्रुप चार देशांत विखुरलेला आहे, त्यामुळे अमुक एका देशाचे करसवलतीचे नियम नकोत. तत्त्व सांगा.

खातेवही

ओसरीताई, मार्ग बरेच आहेत, पण सगळे एका तोलाचे नाहीत.

एकरकमी देणगी सगळ्यांना माहीत असते. त्याशिवाय दरमहा ठरावीक रक्कम खात्यातून आपोआप जाते अशी सोय अनेक संस्थांकडे असते. काही ठिकाणी पगारातूनच कपात करून घेता येते. काही मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच भर स्वतः घालतात, म्हणजे जोडदेणगी. ही पद्धत जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्ये सुरू केली, तेव्हा ती फक्त कॉलेजांना दिलेल्या देणग्यांपुरती होती. आता सामाजिक संस्थांनाही चालते. तुमच्यापैकी जे अजून नोकरीत आहेत त्यांनी एचआरला एक ईमेल टाकून बघा. अनेकांच्या कंपनीत ही सोय असते आणि त्यांना पत्ताच नसतो. शेअर्स देता येतात, मृत्युपत्रात संस्थेचं नाव घालता येतं, रिकामी खोली किंवा गाळा वापरायला देता येतो.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाचा फरक वेगळाच आहे: पैसे कशासाठी ते बांधून देणार की मोकळे देणार? 'फक्त ब्लँकेटांसाठी' असं लिहून दिलेला पैसा संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही. ब्लँकेटं माळ्यावर पडून आणि वीजबिल थकलेलं, अशी स्थिती त्यातून येते. माझा सल्ला विचाराल तर मोकळे द्या, आणि जमलं तर दरमहा द्या.

एक व्यवहाराची गोष्ट. क्राउडफंडिंगच्या संकेतस्थळावरून दिलंत तर काही ठिकाणी कमिशन कापलं जातं, कार्डाचं शुल्क वेगळं. मोठी रक्कम असेल तर थेट बँकेत भरलेली बरी. खातं संस्थेच्या नोंदणीकृत नावाचंच हवं, कुणा कार्यकर्त्याच्या वैयक्तिक खात्यात एक दमडी टाकू नका, माणूस कितीही भला असला तरी.

शंकासुर

मोकळे पैसे म्हणजे पगार, गाड्या आणि ऑफिसातले एसी. आम्ही काय मॅनेजरसाहेबांची घरं चालवायला द्यायचं का? मी तर देण्याआधी विचारतो, शंभरातले किती गरजूपर्यंत पोचतात. ऐंशीच्या खाली आकडा आला की राम राम.

खातेवही

शंकासुर, तुमची शंका जुनी आहे आणि तिने भरपूर नुकसान केलेलं आहे. रागावू नका, सांगतो.

२००९ मध्ये 'स्टॅनफर्ड सोशल इनोव्हेशन रिव्ह्यू' या नियतकालिकात ग्रेगरी आणि हॉवर्ड यांचा एक लेख आला होता. त्यांनी दाखवलं की देणगीदार प्रशासकीय खर्च कमीत कमी हवा म्हणून हटून बसतात, मग संस्था तो कागदावर कमी दाखवतात, त्यामुळे देणगीदारांची अपेक्षा आणखी खाली जाते, आणि शेवटी संस्थेकडे धड संगणक नसतो आणि हिशेब बघायला माणूस नसतो. २०१३ मध्ये तर गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स, म्हणजे संस्था जोखण्याचंच काम करणाऱ्या तीन संघटनांच्या प्रमुखांनी देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं की नुसत्या या एका आकड्यावरून संस्थेची पारख करू नका.

लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागा, तो मागायलाच हवा. विश्वस्तांचे एकमेकांशी नातेसंबंध काय आहेत ते बघा. गेल्या वर्षी किती जणांना राहायला जागा मिळाली आणि सहा महिन्यांनी त्यातले किती जण तिथे टिकले, हे विचारा. या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे तयार असतं ती संस्था बहुधा बरी असते.

पायवाट

मी अशाच एका संस्थेत काम करते. नाव आणि गाव सांगत नाही. शंकासुर म्हणतात तो 'पगार' मीच घेते, तेव्हा थोडं बोलते.

माझ्या कामाचा मोठा भाग कागदांचा आहे. रस्त्यावर राहणाऱ्या माणसाची पिशवी चोरीला जाते, भिजते, किंवा जागा रिकामी करून घेणारे ती उचलून कचऱ्यात टाकतात, आणि तिच्यात ओळखपत्र असतं. ओळखपत्र नाही म्हणून बँक खातं नाही, खातं नाही म्हणून पगाराची नोकरी नाही, पत्ता नाही म्हणून नवं ओळखपत्र नाही. हे वर्तुळ कुठेतरी तोडावं लागतं. त्यासाठी एका माणसाबरोबर त्याच कचेरीत पुन्हा पुन्हा जाऊन रांगेत उभं राहावं लागतं. दवाखान्यातही तसंच. एकट्याने गेलं तर दारावरूनच परत पाठवतात, बरोबर कुणी असलं तर आत घेतात. हे काम ब्लँकेटाने होत नाही, पगारी माणसाने होतं. असं काम करणाऱ्याला दर सहा महिन्यांनी पैसे संपले म्हणून काढून टाकलं, की ज्या माणसाचा विश्वास त्याने मिळवलेला असतो तो माणूसही हातचा जातो.

आता वस्तूंबद्दल. वस्तू नकोतच असं नाही. पण आमच्या साठवणीच्या खोलीत कधी येऊन बघा. बटणं तुटलेले शर्ट, लग्नात घालायचे भरजरी कपडे, उंच टाचांच्या चपला, एकेकटे बूट. हे सगळं निवडायला, धुवायला, घडी घालायला आणि उरलेलं फेकायला माणसं लागतात, आणि फेकायचेही पैसे पडतात.

खरंच लागतात त्या वस्तू कुणी आणत नाही, कारण त्या द्यायला लोकांना संकोच वाटतो. नवीन अंतर्वस्त्रं. सॅनिटरी पॅड. मोजे, तेही जाड आणि भरपूर. दिवसभर ओल्या मोज्यांत पाय राहिले की कातडी सोलवटते, जखमा होतात, आणि मधुमेह असेल तर पाय गमावण्यापर्यंत वेळ येते. पाणी न शिरणारी कागदपत्रांची पाकिटं. फोन चार्ज करायची पॉवर बँक, कारण नोकरीचा फोन आला आणि फोन बंद असला तर सगळं मुसळ केरात. वाचायचे चष्मे. लहान मापाचे पुरुषांचे कपडे. दान येतं ते बहुतेक सुटलेल्या पोटांचं येतं. (हलकेच घ्या.)

आणि आधी फोन करा. "काय हवंय?" एवढंच विचारा. ज्यांनी विचारलं त्यांची वस्तू वाया गेल्याचं मला तरी आठवत नाही.

ओसरी

पायवाट, खूप उपयोगी. ब्लँकेटवाल्या तटाला हा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला. तिकडे शांतता आहे.

उंबरठा

एरवी फक्त वाचतो, आज लिहितो.

काही वर्षांपूर्वी काही काळ मला राहायला जागा नव्हती. रस्त्यावर झोपलो नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. आधी मित्राच्या बैठकीत, मग गाडीत. सकाळी जिमच्या बाथरूममध्ये आवरून ऑफिसला जायचो. युरोपात बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा फिआन्टसा नावाचा महासंघ आहे, त्यांनी बेघरपणाचं एक वर्गीकरण केलं आहे. त्यात चार मोठे गट आहेत: डोक्यावर छप्परच नसलेले, निवाऱ्यात किंवा संस्थेत असलेले, असुरक्षित जागी राहणारे (म्हणजे कुणाच्या तरी मेहेरबानीवर, किंवा मारहाणीच्या भीतीखाली), आणि राहण्यालायक नसलेल्या जागेत राहणारे. मी शेवटच्या दोन गटांत फिरत होतो. देणगी देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त पहिला गट असतो.

मला ब्लँकेट लागत नव्हतं. लागत होतं ते भाड्याच्या घराचं डिपॉझिट. पगार होता, महिन्याचं भाडं परवडत होतं, पण सुरुवातीला एकरकमी द्यायला पैसे नव्हते. एका छोट्या संस्थेने ते भरले. त्यांच्याकडे त्या आठवड्यात तेवढे होते म्हणून भरले. मागच्या महिन्यात आला असतात तर नाही म्हणावं लागलं असतं, असं तिथल्या बाईंनी मला सांगितलं होतं.

वाचनमात्र

उंबरठा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

तुमच्या शेवटच्या वाक्यावर एक अख्खा अभ्यास झालेला आहे. शिकागोत एक फोनसेवा आहे. भाडं थकून घर जायची वेळ आलेले लोक तिथे फोन करतात आणि पात्र असतील त्यांना एकदाच आर्थिक मदत मिळते. पण निधी कधी असतो, कधी संपलेला असतो. फोन करणाऱ्याला ते आधी कळायचा मार्ग नसतो. म्हणजे सोमवारी फोन करणाऱ्याला मदत मिळाली आणि तितक्याच अडचणीतल्या गुरुवारच्या माणसाला नाही मिळाली, हा निव्वळ नशिबाचा भाग. इव्हान्स, सलिव्हन आणि वॉलस्कॉग या संशोधकांनी नेमका हाच योगायोग वापरून दोन्ही गटांची तुलना केली. २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ती छापून आली. निधी उपलब्ध असताना ज्यांनी फोन केला, त्यांच्यावर पुढच्या सहा महिन्यांत निवाऱ्यात जायची वेळ येण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी निघालं.

खातेवही 'दरमहा द्या' म्हणतात त्याचं याहून चांगलं समर्थन मला माहीत नाही. गरज ज्या दिवशी येते त्या दिवशी पेटीत पैसे असले पाहिजेत. वर्षातून एकदा मोठी रक्कम आली की पेटी काही दिवस भरलेली राहते, मग खडखडाट.

शंकासुर

अभ्यास मान्य. आकडा बोलला की मी ऐकतो.

मग मला एक सांगा. संस्थाच कशाला हवी मध्ये? सिग्नलला उभ्या माणसाच्या हातात नोट ठेवली तर कमिशन नाही, प्रशासन नाही. पण तेव्हा हेच सगळे म्हणणार, "देऊ नका, तो दारू पिईल." पगारी माणसाला दिले तर सेवा आणि गरिबाला दिले तर दारू?

वाचनमात्र

प्रश्न रास्त आहे. व्हँकूव्हरमध्ये 'न्यू लीफ' नावाचा प्रयोग २०१८ मध्ये सुरू झाला. नुकत्याच बेघर झालेल्या ५० जणांना प्रत्येकी ७,५०० कॅनेडियन डॉलर एकदाच दिले, अट कसलीही नाही. तुलनेसाठी ६५ जणांचा दुसरा गट, त्यांना ते पैसे नाहीत. वर्षभर पाठपुरावा केला. पैसे मिळालेल्यांचे बेघर अवस्थेतले दिवस सरासरी ९९ ने कमी झाले, आणि दारू, सिगरेट, अमली पदार्थ यांवरचा खर्च दुसऱ्या गटापेक्षा वाढला नाही. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. गंमत म्हणजे त्याच संशोधकांनी सामान्य लोकांना अंदाज विचारला होता, आणि लोकांचा अंदाज अर्थातच होता की पैसे व्यसनावर उडवतील.

पण यात एक मोठा 'पण' आहे. निवड करतानाच तीव्र व्यसन किंवा गंभीर मानसिक आजार असलेल्यांना प्रयोगाबाहेर ठेवलं होतं. त्यामुळे सगळ्यांना असंच लागू होईल असं म्हणता येत नाही.

पायवाट

शंकासुर, माझं वैयक्तिक मत: द्यावंसं वाटलं तर हातात द्या. तो मोठा माणूस आहे, त्याचे पैसे तो बघेल. नाही द्यायचे तर नका देऊ, पण उपदेश करू नका, आणि निदान मान वळवून निघून जाऊ नका. ऑफिसात मी हे बोलले तर सहकारी वाद घालतात, ते वेगळं. मात्र हातावरच्या नोटेने डिपॉझिट भरलं जात नाही. ओळखपत्रही निघत नाही.

मुशाफिर

या दोन टोकांच्या मध्ये एक वाट आहे ती कुणी लिहिली नाही: रस्त्यावरची वर्तमानपत्रं. लंडनमध्ये १९९१ मध्ये जॉन बर्ड आणि गॉर्डन रॉडिक यांनी 'द बिग इश्यू' सुरू केलं. कल्पना न्यूयॉर्कच्या 'स्ट्रीट न्यूज'वरून घेतली होती. विक्रेता बेघर किंवा त्या काठावरचा असतो. तो अंक निम्म्या किमतीला विकत घेतो आणि छापील किमतीला विकतो, मधला नफा त्याचा. म्हणजे तुम्ही देणगीदार नसता, गिऱ्हाईक असता. १९९४ पासून अशा पत्रांचं आंतरराष्ट्रीय जाळंही आहे. ग्रुपमधल्या ज्यांच्या शहरात असा विक्रेता उभा राहतो त्यांनी अंक घ्यावा, आणि पैसे देऊन अंक तसाच परत करू नये. अंक घेतला नाही की त्या माणसाच्या धंद्याची पुन्हा भीक होते.

जाता जाता: संस्था निवडताना ती 'आधी घर' पद्धतीने काम करते का ते बघा. जुनी रीत अशी की आधी दारू सोड, उपचार घे, शिस्त दाखव, मग घर मिळेल. सॅम सेम्बेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती उलटी केली: घर आधी, बाकीचं घरात बसून. कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, दोन हजारांहून जास्त लोकांवर याची चाचणी घेतली आणि या पद्धतीतले लोक घरात जास्त टिकले. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं. हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या मोठ्या रात्रनिवाऱ्याच्या स्वतंत्र सदनिका झाल्या. रात्रीची खाट हवीच, पण खाटांवरच थांबणारी संस्था आणि किल्ली हातात देणारी संस्था यांत मी दुसरीला देतो.

पायवाट

मुशाफिर, किल्ली द्यायला घरं असावी लागतात हो. आमच्याकडे रिकामी घरंच नाहीत. तोवर खाट तरी टिकली पाहिजे. दोन्हींना द्या असं म्हणेन.

मुशाफिर

मान्य नाही, पण तुमचा मुद्दा कळला.

गोधडी

धागा वाचतेय, वाचनखूण साठवली. तिसऱ्या तटाचं काय झालं? वेळ देणाऱ्यांचं?

मी एका निवाऱ्यात आठवड्यातून एकदा जाते, तेवढ्यावरून सांगते. सुट्टीच्या आणि आनंदाच्या दिवसांत आमच्याकडे स्वयंसेवक इतके येतात की एकमेकांच्या पायात येतात. १० ऑक्टोबरला जागतिक बेघर दिन असतो, त्या दिवशीही येतात. नंतरच्या मंगळवारी कोणी नसतं. थंडीत लोकांना आठवण होते, उन्हाळ्यात होत नाही. उष्माघाताने माणसं दगावतात हे कुणाच्या गावी नसतं. तेव्हा जायचं तर नडीच्या दिवशी जा, आणि सांगितलेल्या वाराला न चुकता जा.

दुसरं, तुमच्या ग्रुपमध्ये वकील, लेखापाल, दंतवैद्य, वेबसाइट बनवणारा असं कोणी असेल तर त्याने जेवण वाढायला उभं राहू नये. त्याने आपलंच काम तिथे फुकट करावं. घरमालकाच्या नोटिशीला उत्तर लिहून देणाऱ्या वकिलाचा एक तास कितीतरी वाढप्यांना भारी पडतो.

फोटोचं कुणी बोललं नाही म्हणून मीच बोलते. वस्तू हातात देताना फोटो काढू नका. "परवानगी घेतली होती" म्हणतात, पण ज्याला ती वस्तू हवी आहे तो नाही कसं म्हणेल? कुणी मारहाणीच्या घरातून पळून आलेली असते, तिचा ठावठिकाणा फोटोतून उघड होतो. फोटो हवाच असेल तर खोक्यांचा काढा.

शंकासुर

फोटोच्या मुद्द्याला +१. आणि हो, जोडदेणगीबद्दल ऑफिसात विचारलं. आहे आमच्याकडे! सात वर्षं इथे आहे, आज कळलं.

खातेवही

शंकासुर, मुदत बघा. बऱ्याच कंपन्यांत देणगी दिल्यापासून ठरावीक काळात अर्ज करावा लागतो, आणि पावतीवर देणारा म्हणून कर्मचाऱ्याचंच नाव लागतं.

ओसरी

सगळ्यांचे आभार. संस्थेला फोन केला. पायवाट यांनी सुचवलेला प्रश्न विचारला, "काय हवंय?" पलीकडच्या बाई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "कुलपं."

त्यांच्याकडे लोकांच्या सामानासाठी कप्पे आहेत, पण बऱ्याच कप्प्यांची कुलपं मोडली आहेत. सामान ठेवायला सुरक्षित जागा नाही म्हणून माणसं नोकरीच्या मुलाखतीला जात नाहीत. पिशव्या घेऊन कसं जायचं, आणि सोडून कसं जायचं? तर ब्लँकेटवाल्या तटाला हे काम दिलं आहे. आकड्यांची कुलपं घ्यायची, किल्लीची नाहीत, कारण किल्ल्या हरवतात, असं बाईंनीच बजावलं.

उरलेल्या रकमेचे दोन भाग केले. एक भाग मोकळा द्यायचा. दुसरा त्यांच्या डिपॉझिट आणि थकलेल्या भाड्याच्या निधीत. खातेवही, हा भाग बांधून देतोय खरा, पण हा निधी सारखा आटतो असं त्यांनीच सांगितलं म्हणून. शिवाय जमेल त्याने जमेल तेवढे दरमहा द्यायचे. निम्म्या लोकांनी अर्ज भरले, निम्मे "बघतो" म्हणाले. तिसऱ्या तटातला आमचा लेखापाल त्यांच्या वहीखात्यात मदत करणार आहे. वाढायला जाण्यावरून दोघेजण अजून रुसलेले आहेत.

एक शंका राहिली. रक्कम सगळ्यांची मिळून आहे. पावती कुणाच्या नावाने घ्यायची? मैत्रिणीच्या नावाने घेता येते का?

खातेवही

पावती ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्या नावाने. करसवलत किंवा जोडदेणगी घ्यायची असेल तर सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यात गोळा करू नका, प्रत्येकाने आपापले थेट संस्थेकडे भरावेत आणि सगळ्यांनी शेऱ्यात एकच मजकूर टाकावा, म्हणजे संस्थेला ते एकत्र जोडता येतील. मैत्रिणीचं नाव 'यांच्या स्मरणार्थ' म्हणून पावतीवर वेगळ्या ओळीत घालून देतात का ते विचारा, बऱ्याच संस्था देतात. तिच्या घरच्यांना तसं पत्र पाठवायची सोयही काही संस्थांकडे असते, पण ते आधी घरच्यांना विचारून.

ओसरी

रक्कम अजून माझ्याच खात्यात आहे. उद्या सगळ्यांना परत पाठवते आणि थेट भरायला सांगते. शेऱ्याचा मजकूर ग्रुपवर ठरवतो. त्यावरूनही वाद होणार, पण होऊ दे.